बाबांच्या चित्राची प्रिंट काढायची होती, एवढंच

भाऊबीजेला, म्हणजे ३ नोव्हेंबर २०२४ ला, आम्ही तिघं भावंडं सांगलीत गावभागातल्या घरी जमलो होतो आणि जेवणं झाल्यावर विषय निघाला की बाबांनी काढलेलं ‘पेव’ हे चित्र कोणाकडे राहणार. भांडण वगैरे नाही, पण अक्का बेळगावला, दादा पुण्यात, मी सांगलीतच विश्रामबागला आणि चित्र एकच. आईनं सरळ सांगितलं, मी आहे तोवर ते भिंतीवरनं हलणार नाही. मग दादा म्हणाला, झेरॉक्स काढू की. तो चेष्टेत म्हणाला होता पण तिथनं पुढं पाच महिने मी जे काही केलं ते या एका वाक्यामुळं. असं कुणाला घरातल्या चित्राचं करायचं असेल तर माझ्यासारखं चाचपडायला लागू नये म्हणून सगळं लिहून ठेवतेय, पैशासकट.

आधी चित्राबद्दल. बाबा ड्रॉइंग टीचर, कोल्हापूरला एटीडी, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, केलेलं, जन्म सांगलीजवळच्या हरिपूरचा. शाळेत मुलांकडनं चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करून घ्यायची आणि रात्री स्वतःचं काम. ‘पेव’ १९८६ सालचं, कॅनव्हासवर तैलरंग, २४ बाय ३६ इंच, उभं. हरिपूरची हळदीची पेवं माहीत असतील तुम्हाला, जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, तोंड तसंच काही तास उघडं ठेवतात, नाहीतर उतरणाऱ्याचा जीव गुदमरतो. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी गेली. तर बाबांच्या चित्रात बाहेर रात्र आहे, संगमावरची असावी तशी, चिंचेची झाडं आभाळातनं उलटी लोंबतायत, आणि पेवाच्या आत मात्र भर दुपारचं आकाश, ढगांसकट. पेवाच्या तोंडाशी हळदीचा ढीग, आणि खाली पाण्यावर तरंगणारा शाळेचा बाक, त्यावर ओळीनं बसलेले तीन मासे. लहानपणी आम्ही कोण कुठला मासा यावरनं मारामाऱ्या केल्यात.

बाबांना हे वेड लागलं ते नगरवाचनालयातल्या एका इंग्रजी पुस्तकामुळं. त्यात चित्रकार दालीची ती वितळलेली घड्याळं होती, १९३१ सालची. बाबांना वाटायचं ते चित्र भिंतभर असणार. कितीतरी वर्षांनी कळलं की ते २४ बाय ३३ सेंटीमीटर आहे, म्हणजे एलिमेंटरीच्या पोरांना देतात त्या पाव इंपीरियल कागदापेक्षाही लहान. दोन दिवस हसत होते. वर्गात पोरांना सांगायचे, कागद लहान म्हणून रडू नका रे.

तर झेरॉक्स. पहिली चूक मी लगेच नोव्हेंबरातच केली. मोबाईलवर चित्राचा फोटो काढला, एका फ्लेक्स-बॅनरवाल्याकडे गेले, तो म्हणाला कॅनव्हासवर मारून देतो, फ्रेमसकट १,४०० रुपये, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेले तर हळद पोपटी, रात्र जांभळी आणि मासे साबणाच्या वडीसारखे. त्याची काही चूक नाही, त्याचं मशीन वाढदिवसाच्या बॅनरसाठी आहे आणि फोटो मी रात्री ट्यूबखाली काढलेला. ते अजून माळ्यावर आहे. आईनं बघून एवढंच विचारलं, “हे कुणाचं?”

मग नेटवर वाचत बसले. डिसेंबर सगळा त्यातच गेला. फाइन आर्ट प्रिंट म्हणजे काय तर इंकजेटच, पण शाई रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंटची, सात-आठ-दहा रंगांच्या कार्ट्रिज, आणि कागद आम्लविरहित, बहुधा कापसाचा. याला ‘जिक्ले’ म्हणतात, १९९१ मध्ये जॅक ड्युगान नावाच्या अमेरिकेतल्या प्रिंटरनं फ्रेंचमधनं उचललेला शब्द, मूळ अर्थ फवारणे. मी पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा मला जिलेबी ऐकू आलं. आपल्याकडं हे काही अगदीच नवीन नाही म्हणा, रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात गेल्या, आमच्या देवघरातली लक्ष्मीसुद्धा त्याच वळणाची. फक्त ते दगडावरनं छापायचे, एकेका रंगाला वेगळा दगड.

पुण्यातली एक लॅब मिळाली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन केला. तिथला माणूस शांत होता, त्यानं पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, फाइल किती पिक्सेलची आहे?” मला कुठलं माहिती. मग त्यानं हिशोब सांगितला तो इथं देते कारण तो कुणीच आधी सांगत नाही. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरायचे. ३६ इंचाला १०,८०० आणि २४ इंचाला ७,२००, गुणाकार पावणेआठ कोटी. माझ्या मोबाईलचा फोटो ४,००० बाय ३,०००, म्हणजे सव्वा कोटीसुद्धा नाही, त्यातनं नीट प्रिंट निघेल ती १३ इंचाची. म्हणजे प्रिंटच्या आधी चित्राचा फोटो हेच खरं काम आहे. खर्चापेक्षा वेळ त्यातच जातो.

त्यानं अजून एक मागितलं: चित्र तुमचंच आहे याचं पत्र. म्हणजे चित्रकार वारले असतील तर वारसांची संमती. हे बरोबरच आहे, आपल्याकडं चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, वर्ष मोजायचं ते मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून. बाबा २०२२ च्या मार्चमध्ये गेले म्हणजे २०८२ अखेरपर्यंत. (दाली १९८९ मध्ये गेला, त्यामुळं दादा म्हणत होता तशी घड्याळांची प्रिंट कुठल्याही लॅबकडनं सहज मारून घेणं इथं २०४९ संपेपर्यंत कायद्यात बसत नाही.) आता पत्र म्हटल्यावर मी काय करावं? स्टॅम्पपेपर. कोर्टाजवळच्या वेंडरकडं रांगेत उभी राहिले, शंभरचा मागितला तर तो म्हणाला, “शंभरचा बंद झाला ताई, आता पाचशेचा.” पाचशेचा घेतला, टायपिंग, नोटरी, दोनशे अजून. आईची, अक्काची, दादाची सही, त्यात अक्काची सही आणायला एक माणूस बेळगावला जाणारा बघावा लागला. स्कॅन करून लॅबला पाठवलं तर उत्तर आलं, “मॅडम, साध्या कागदावर सह्या करून मेल केलं असतं तरी चाललं असतं.” असो. आधी विचारा, मग रांगेत उभं राहा.

दादानं त्याच झटक्यात कॉपीराइट ऑफिसला ऑनलाइन नोंदणीचा अर्जही केला, फॉर्म १४, फी ५०० रुपये. नोंदणी सक्तीची नाही, चित्र काढलं की हक्क आपोआप येतो, पण पुरावा म्हणून बरी. डायरी नंबर मिळतो, मग ३० दिवस कुणाची हरकत येतेय का यासाठी थांबतात. ते तीस दिवस होऊन गेले, नंतर वारसांचं ना-हरकत मागितलं, आणि तिथं मात्र माझा तो पाचशेचा स्टॅम्पपेपर कामाला आला. दादा म्हणाला, बघ, तुला आधीच कळलं होतं. मला काही कळलं नव्हतं.

फोटोसाठी ओळखीतला एक मुलगा, लग्नाचे फोटो काढतो, कॅमेरा चांगला ४५ मेगापिक्सेलचा. १२ जानेवारीला, रविवारी, तो लाइटी घेऊन घरी आला. चित्र भिंतीवरनं उतरवलं (मागं कॅनव्हासवर बाबांच्या अक्षरात ‘पेव, १९८६, हरिपूर’), खुर्चीवर टेकवलं आणि चार तास खटपट. तैलरंगावर वॉर्निश आहे, कुठूनही लाइट टाकली की कुठंतरी चमक. रात्रीचा निळा भाग तर आरशासारखा, त्यात तो पोरगा स्वतःच दिसत होता, टोपीसकट. तीसेक फोटो काढले, एकही धड नाही. बिचाऱ्यानं पैसे घेतले नाहीत, म्हणाला, “ताई, मला दोन आठवडे द्या, मी बघतो कसं करतात ते.”

त्यानं खरंच बघितलं. चित्रांचे फोटो काढायची वेगळी पद्धत असते. दोन्ही बाजूच्या दिव्यांसमोर पोलरायझिंग फिल्म लावायची, दोन्हीकडं एकाच दिशेनं, आणि लेन्सवर पोलरायझर लावून तो हळूहळू फिरवायचा. एका जागी आला की सगळी चमक जाते, फू करून दिवा विझावा तशी. २६ जानेवारीला तो हे सगळं घेऊन आला. पोलरायझर फिरवताना मला कॅमेऱ्याच्या मागं उभं केलं आणि म्हणाला बघा. त्या निळ्या रात्रीत चिंचेच्या झाडांवर पानं आहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. छत्तीस वर्षांची बाई मी, जन्मापासून ते चित्र समोर, आणि पानं माहीत नव्हती. आम्ही त्याला काळा डाग समजत होतो.

चित्र जमिनीला बरोबर काटकोनात उभं, कॅमेरा चित्राच्या मध्याला, ते त्यानं आरसा लावून तपासलं, चित्राच्या जागी सपाट आरसा धरायचा आणि लेन्सला आरशात स्वतःचं तोंड मधोमध दिसलं पाहिजे. मग सहा तुकड्यांत फोटो, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर तीसेक टक्के चढलेला, म्हणजे नंतर जोडता येतो. प्रत्येक वेळी शेजारी चोवीस रंगांचे चौकोन असलेलं कार्ड, ते त्यानं कोल्हापूरच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरकडनं एका दिवसासाठी आणलं होतं. हे कार्ड फार महत्त्वाचं, त्याच्यावरनं पुढं रंग सरळ करतात. ४,५०० रुपये घेतले, मला तरी ते कमी वाटले.

आणि आता ते. संध्याकाळी तो लॅपटॉपवर फोटो दाखवत होता आणि चुकून पहिल्या वेळचा, चमक आलेला एक फोटो उघडला गेला. बाकाचा भाग होता. कडेनं लाइट पडल्यामुळं रंगाचे उंचवटे दिसत होते, ब्रशच्या रेघा, शेतातल्या सऱ्यांसारख्या. तो मोठा करून दाखवत होता की हे बघा टेक्श्चर किती छान आलंय पण चमकेमुळं वाया गेलं. आणि मला दिसलं की पहिल्या दोन माशांभोवती बाकाच्या फळीच्या रेघा येऊन थांबतात, कडेनं वळतात, म्हणजे आधी मासे आणि मग त्यांच्याभोवती फळी रंगवलीय. तिसऱ्या माशाखालनं मात्र त्या रेघा सरळ आरपार जातात. फळी आधी पूर्ण झालेली, वाळलेली, आणि मासा वरनं काढलेला. चित्र १९८६ चं. अक्का आणि दादा तेव्हा होते. माझा जन्म १९८८ चा.

मी काही बोलले नाही. तो पोरगा म्हणाला, ताई पाणी आणू का. नंतर आईला विचारलं तर ती म्हणाली, “मला काय माहीत, रात्रीचे काढत बसायचे, मी झोपायची.” अक्काला फोटो पाठवला, तिचा रिप्लाय, “म्हणजे मधला मासा मीच.” घ्या.

व्यवहाराची गोष्ट एवढीच की बिघडलेले फोटो डिलीट करू नका. पोलरायझरनं चमक जाते पण त्याबरोबर रंगाचा उंचवटाही चपटा होतो, रंग गडद आणि भडक येतात. लॅबवाल्यानं नंतर आमच्या पहिल्या वेळच्या दोन फोटोंमधला बाकाचा भाग थोडासा मिसळून घेतला, त्यामुळं त्या रेघा प्रिंटमध्येही हलक्याशा दिसतात.

फाइल जोडून, सरळ करून द्यायचे लॅबनं २,५०० घेतले. मग प्रूफ. पूर्ण प्रिंटच्या आधी ए-फोर आकाराच्या तुकड्यावर चित्रातले अवघड भाग मारून देतात, एकेक ४५० रुपये. कागद दोन सांगितले, दोन्ही जर्मन कंपनी हानेम्यूलेचे, ती १५८४ पासून कागद बनवतेय म्हणे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून. एक फोटो रॅग, ३०८ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०८ ग्रॅम), गुळगुळीत, आणि दुसरा जर्मन एचिंग, ३१० चा, जरा खरबरीत. तुलनेला सांगते, आपला झेरॉक्सचा कागद ७०-८० चा असतो. मी दोन्हीचे प्रूफ मागवले.

१३ फेब्रुवारीला पाकीट आलं. उघडलं आणि पोटात गोळा. हळद लिंबासारखी, आणि रात्र म्हणजे नुसतं काळं बोळकं, पानं परत गायब. मी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. दादा म्हणाला छान आहे की, अक्का म्हणाली फारच फिकट, आई म्हणाली फोन उलटा धरलाय का. हा मूर्खपणा करू नका, प्रत्येकाच्या स्क्रीनचा रंग वेगळा, त्यात व्हॉट्सॲप फोटो चेपून टाकतं. आणि मी प्रूफ बघितलं ते स्वयंपाकघरात पिवळ्या एलईडीखाली. लॅबवाल्याला फोन केला तर त्यानं न चिडता सांगितलं, उद्या सकाळी दहा-अकराला खिडकीशी, ऊन थेट पडत नाही अशा जागी, मूळ चित्राच्या शेजारी धरून बघा. बघितलं. हळद तिथं निम्मी सुधारली. रात्र नाही सुधारली.

रात्रीचं कारण त्यानं समजावलं ते असं की मॅट कागद शाई पिऊन घेतो, त्याच्यावर काळा रंग वॉर्निशच्या काळ्याइतका खोल जाऊच शकत नाही, त्यामुळं गडद निळे सगळे एकमेकांत मिसळतात. शिवाय काही निळे असे असतात की ते प्रिंटरच्या शायांत बसतच नाहीत, मग मशीन जवळचा दुसरा निळा उचलतं. ते हातानं, भागाभागानं उघडावं लागतं आणि त्याला मूळ चित्र समोर पाहिजे. “आणता येईल का?”

आईनं आधी नाहीच म्हटलं. २०१९ नंतर ते चित्र घराबाहेर गेलं नव्हतं. मग दोन गोधड्या, एक चादर, वर प्लॅस्टिक, कोपऱ्यांना जुन्या उशा, अशी माझी वरात १ मार्चला, शनिवारी, पहाटे सांगली स्टँडवर. एसटीचं भाडं जानेवारीतच वाढलं होतं, पण बायकांना निम्मं तिकीट, त्यामुळं माझं स्वस्तात झालं. कंडक्टरनं गाठोडं बघून विचारलं, “काय हाय ह्यात, काच?” म्हटलं चित्र. “देवाचं?” म्हटलं नाही, हळदीच्या पेवाचं. तो हरिपूरकडचाच निघाला. मागची दोन सीटं मोकळी करून दिली आणि खंबाटकीपाशी स्वतः मागं येऊन बघून गेला, हललं तर नाही ना. स्वारगेटला दादा गाडी घेऊन आला होता.

लॅबमध्ये एक खास दिवा असतो, ५,००० केल्विनचा, दिवसाच्या उजेडासारखा, भिंती करड्या. तिथं चित्र आणि स्क्रीन शेजारी ठेवून तो माणूस दीड तास बसला. आधी हळद. ती नुसती पिवळी नाही, तिच्यात थोडा केशरी आणि सावलीत चक्क हिरवा आहे, ते त्यानं दाखवलं. मग रात्र थोडी उजळली, पानं आली. आणि मग तो खाली आला आणि म्हणाला, “हे काढायचं ना?”

चित्राच्या तळाला चार बोटं उंचीवर एक तपकिरी रेघ आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराची. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी तिथं ४५ ची. आम्ही सामान वर नेत होतो, चित्र कपाटावर ठेवलं होतं, कपाटच फुगून कललं. पाणी उतरल्यावर बाबांनी ते सावलीत आडवं वाळवलं, कुणाला हात लावू दिला नाही. नंतर काडीला कापूस गुंडाळून, थुंकी लावून, इंच इंच गाळ काढत बसायचे. आम्हाला किळस यायची, पण जुन्या चित्रांची सफाई करणारेही थुंकी वापरतात हे मला आत्ता कळलं. उजवीकडनं सुरुवात केली होती, मध्यापर्यंत आले आणि मग हात थरथरायला लागला, राहिलं ते राहिलं. त्यामुळं रेघ डावीकडं आहे, उजवीकडं नाही.

लॅबवाल्यानं माउस फिरवला आणि अर्ध्या मिनिटात रेघ गायब. चित्र नव्यासारखं. दादा म्हणाला, झकास, असंच ठेवा. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती चष्मा लावून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, “यांनी पुसलेलं कुठंय?” दादा समजावत होता की आई आता सगळंच स्वच्छ केलंय. ती म्हणाली, “तेच. यांनी केलेलं कुठंय?”

शेवटी दोन फाइली केल्या. दादाची स्वच्छ, अक्काची आणि माझी रेघेसकट. त्याचे वेगळे पैसे नाही घेतले. सांगायचं हे की प्रिंटवाला तुम्हाला डाग, चिरा, पिवळटपणा सगळं काढून देऊ शकतो, तो विचारतो तेव्हा घाईत हो म्हणू नका, घरी आधीच बोलून ठेवा. आमचं बोलणं त्या खोलीत, दुसऱ्याच्या वेळेवर झालं.

तिसरं प्रूफ तिथंच मारलं, जर्मन एचिंगवर, कारण त्याचा खरबरीतपणा बाबांच्या कॅनव्हासशी जुळत होता. आणि दुपारी माझी प्रिंट लागली. मला वाटलेलं बटण दाबलं की बाहेर. चाळीस मिनिटं. मोठ्या रोलमधनं कागद जरा जरा पुढं सरकतो आणि वरनं मशीनचं डोकं इकडून तिकडं जात राहतं, सर्र-सर्र, माग चालल्यासारखं. आधी झाडांची मुळं आली, मग लोंबत्या फांद्या, मग पेवाची वरची कड, आणि मग एकेक बोट करत ती दुपार. बाबांनी ते कुठल्या क्रमानं काढलं असेल कोण जाणे, वरनं खाली तर नक्कीच नाही. बाक आला तेव्हा तिन्ही मासे एकदमच आले. मी उभीच होते.

प्रिंट ताबडतोब गुंडाळत नाहीत. शाई हाताला कोरडी लागली तरी एक दिवस उघडी ठेवतात. तीन प्रिंट, प्रत्येकी ६,३०० रुपये. पांढरा समास दोन-दोन इंच ठेवायला सांगा, फ्रेमवाल्याला पकडायला जागा लागते आणि बोटं रंगाला लागत नाहीत. चित्र मी दुसऱ्या दिवशी दादाच्याच गाडीतनं परत आणलं.

माझी प्रिंट १० मार्चच्या आठवड्यात दादानं चपटी, दोन पुठ्ठ्यांमध्ये पाठवली, व्यवस्थित आली. अक्काची लॅबनं नळीतनं बेळगावला कुरिअर केली आणि ती नळी कुणीतरी वर बसल्यासारखी चेपून आली, कागदाला मधे अर्धचंद्रासारखी सुरकुती. कुरिअरवाले म्हणाले पॅकिंग नीट नव्हतं, लॅब म्हणाली होतं. अक्कानं उघडतानाचा व्हिडिओ काढला नव्हता. शेवटी लॅबनं निम्म्या किमतीत, ३,१५० मध्ये, दुसरी मारून दिली. नळी जाड प्लॅस्टिकची मागा, आणि उघडताना व्हिडिओ काढा, कितीही वेडेपणा वाटला तरी.

फ्रेमची गंमत वेगळीच. सांगलीतले फ्रेमवाले मामा, तीस वर्षं हेच काम, प्रिंट बघून खूश झाले आणि म्हणाले, “मागनं गम लावून प्लायवर चिकटवतो, जल्मात हलायची न्हाई.” मी जवळजवळ ओरडलेच. असला कागद चिकटवायचा नाही, पावसाळ्यात तो फुगतो-आकसतो, त्याला हलायला जागा पाहिजे, आणि गमानं डाग येतात. वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी ॲसिड-फ्री टेपनं टांगायचा, पुढं ॲसिड-फ्री माउंट (कडेनं पुठ्ठ्याची चौकट), म्हणजे काच कागदाला टेकत नाही, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटून बुरशी धरते. टेप आणि माउंटबोर्ड मी पुण्याहूनच आणले होते, इथं मिळाले नाहीत. मामा आधी रागावले, “मग पडलं तर मला बोलायचं न्हाई.” पण मग त्यांनी स्वतःच मागच्या प्लायला आणि भिंतीला अंतर राहावं म्हणून चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले, हे मला सुचलं नव्हतं, आणि आमच्या ओलीच्या भिंतीला तेच सगळ्यात गरजेचं होतं. ३,२०० रुपये. सगळं धरून, तो पोपटी फ्लेक्स, स्टॅम्पपेपर आणि प्रवाससुद्धा, छत्तीस-सदतीस हजार झाले, तिघांनी वाटून घेतले.

फाइल तीन ठिकाणी ठेवलीय, दादाच्या हार्डडिस्कवर, माझ्या ड्राइव्हवर आणि एक पेनड्राइव्ह आईच्या दागिन्यांच्या डब्यात. लॅबकडनं टिफ, म्हणजे दर्जा न घटवणारी फाइलच मागून घ्या, ते स्वतःहून चेपलेली जेपेग देतात.

माझी प्रिंट विश्रामबागला लागणार होती. पण गुढीपाडव्याला आई म्हणाली, मूळ चित्र वरच्या खोलीत न्या, खाली त्याच खिळ्याला तुझं लाव, म्हणजे भिंत मोकळी दिसायची नाही. तसं केलं. येणारे-जाणारे कुणी ओळखत नाहीत. मामा ओळखतात, ते आले की आधी कोपऱ्यातनं मागं वाकून बघतात.

ऑगस्टमध्ये कोयनेतनं विसर्ग वाढवल्याच्या बातम्या आल्या, आयर्विनजवळ पाणी चढायला लागलं आणि मी ऑफिसातनं थेट गावभागात गेले. आईनं कागदपत्रं, डबे, धान्य आधीच जिन्यात आणून ठेवलं होतं. हॉलमध्ये उभी राहून प्रिंटकडं बघत होती. “हे पण न्यायचं का वर?” म्हटलं, “ते राहिलं तरी चालेल, फाइल आहे की आपल्याकडं.” ती बरं म्हणाली आणि स्टूल घेऊन आली.

मीच चढले स्टुलावर, तिचे गुडघे दुखतात.